घरांतील यंत्रें : हरवलेली ठिणगी

खंडेनवमीस आमच्या घरीं शस्त्रपूजा होते. शस्त्र म्हणावें असें आतां घरांत फारसें कांहीं उरलेलें नाहीं. आजोबांच्या वेळची एक बोथट कट्यार, स्वयंपाकघरांतील विळी, वहिनींचें शिवणयंत्र, मुलांच्या कंपासपेट्या, आणि या सर्वांच्या अग्रभागीं, झेंडूची माळ घालून अंगणांत उभी केलेली मोटार. नांदेडांत ते दिवस मोठ्या गडबडीचे असतात. दसऱ्याचा हल्ला निघावयाचा म्हणून गुरुद्वाऱ्याच्या बाजूचे रस्ते माणसांनीं फुलून जातात, आणि मोटारी धुवून देणाऱ्यांकडे सकाळपासून रांग लागते. गेल्या आश्विनांत त्या रांगेंत आमचीही मोटार होती. ती बाहेरून स्वच्छ झालीच. पण पूजेच्या वेळीं पुढचें झांकण उघडून इंजिनासही हळदकुंकू वाहावयाचें, तेव्हां आंतही धूळ नसावी, या विचारानें आम्हीं इंजिनावर जोराचा फवारा मारण्यास सांगितलें. आमच्या गाडीचे चालक, ज्यांना घरांतील लहानथोर सारे मामा म्हणतात, ते तेवढ्यांत म्हणाले होते, "साहेब, आंत पाणी नका मारूं देऊ." आम्हीं तें ऐकलें आणि हंसून सोडून दिलें.

दुसऱ्या दिवशीं, दसऱ्याच्या सकाळीं, मामांनीं मोटार चालू केली व थोड्या वेळानें ओसरीवर येऊन सांगितलें, "गाडी लंगडायलीय." हा शब्द किती यथार्थ आहे हें आम्हांस पुढें कळलें. चार सिलिंडरांपैकीं एक मधूनमधून काम सोडूं लागला म्हणजे मोटारीची चाल खरोखरच पाय दुखावलेल्या जनावरासारखी होते. थरथर, एक हिसका, पुन्हां सुरळीत, पुन्हां हिसका. आमचे वडीलबंधु नाना यांनीं जन्मभर वकिली केली. त्यांनीं दोन प्रश्न विचारले, पेट्रोल कोठें भरलें आणि पावती कोठें आहे. पावती सांपडली नाहीं. एवढ्यावरून नानांनीं निकाल दिला कीं, कोठें तरी भेसळीचें स्वस्त पेट्रोल भरून वरचे पैसे राहिले आहेत. आणि मामांना दसऱ्याची पोस्त म्हणून द्यावयाचे एक हजार रुपये त्यांनीं परत कपाटांत ठेवले. मामा कांहीं बोलले नाहींत. आम्हींही कांहीं बोललों नाहीं. फवारा आम्हींच मारवला होता, ही गोष्ट आम्हांस त्या वेळीं आठवली नव्हती असें येथें लिहिलें असतें तर बरें झालें असतें. परंतु ती अंधुकशी आठवली होती, आणि नानांच्या पुढें विषय वाढवूं नये म्हणून आम्हीं ती मनांतच ठेवली.

द्वादशीस लातुरास आतोबांचें सहस्रचंद्रदर्शन होतें. नांदेडाहून लातूर सुमारें १४० किलोमीटर. पहांटे पांचास निघालों. नाना, वहिनी, आम्ही, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षांत शिकणारी पुतणी आणि मामा. लोह्यापर्यंत गाडी बरी चालली. त्यापुढें गोदावरीचें खोरें सोडून रस्ता बालाघाटाच्या पठारावर चढूं लागतो, आणि माळाकोळीच्या अलीकडे, चढ लागतांच, मोटार अशी थरारली कीं वहिनींच्या मांडीवरील साखरभाताचा डबा खालीं आला. समोरच्या फळीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला व तो उघडझांप करूं लागला. मामांनीं गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली.

नाना म्हणाले, "थांबूं नका, हळूहळू चला. दहाला मुहूर्त आहे."

मामा म्हणाले, "दिवा नुसता लागला असता तर नेली असती, नानासाहेब. लुकलुकायला लागला कीं थांबायचं असतं."

नानांना यांत आणखी एक बहाणा दिसला. पण मामांनीं किल्ली लाविली नाहीं. अखेर नाना व वहिनी अहमदपूरकडे जाणाऱ्या एस. टी. च्या गाडींत बसून पुढें गेलीं. मामा एका दूधवाल्याच्या मोटारसायकलीवर लोह्याकडे मिस्त्री आणावयास गेले. आणि आम्ही व पुतणी एका बाभळीखालीं बसून राहिलों. त्या दोन तासांत तिनें आम्हांस जें समजावून दिलें, त्यांतील सार येथें देतों. कारण घरोघर मोटार आहे, आणि ती कशानें चालते याची कल्पना फार थोड्या घरीं आहे.

डिझेलच्या इंजिनांत हवा इतकी दाबली जाते कीं तिच्या उष्णतेनेंच इंधन पेट घेतें. पेट्रोलच्या इंजिनांत मात्र हवा व पेट्रोल यांचें दाबलेलें मिश्रण पेटविण्यास ठिणगी लागते. ती पाडणारा तो प्लग. चिनीमातीची एक नळी, तिच्या मधून जाणारी धातूची कांडी, खालीं आंटे असलेलें लोखंडी कवच, आणि टोंकाशीं सुमारें एक मिलिमीटरची फट. त्या फटींतून वीज उडी मारते. मोटारीच्या बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. दाबलेल्या वायूंतून उडी मारण्यास मात्र कित्येक हजार व्होल्ट लागतात. हें अंतर भरून काढते ती कॉईल. लोखंडी गाभ्याभोंवतीं जाड तारेचे कांहींशें वेढे आणि त्यांच्यासह बारीक तारेचे हजारों वेढे. जाड तारेंतून बॅटरीचा प्रवाह सोडावयाचा, तेणेंकरून गाभ्यांत चुंबकत्व सांठतें. आणि मग प्रवाह एकाएकीं तोडावयाचा. चुंबकत्व कोसळतें, व तें कोसळतांना बारीक तारेंत वीस, तीस, कधीं चाळीस हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न करतें. देण्यानें नव्हे, तोडण्यानें ठिणगी पडते, ही गंमत आम्हांस त्या बाभळीखालीं प्रथमच कळली. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं जो नियम शोधला, तोच हा.

वेगही लक्षांत घेण्याजोगा आहे. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगांत सेकंदास २५ ठिणग्या पडतात. त्यांपैकीं पांचसात जरी चुकल्या तरी बसलेल्या माणसास हिसका जाणवतो.

ही विद्या आमच्या भागास अगदीं नवी नव्हे. नांदेड व लातूर हीं दोन्ही गांवें हैदराबाद संस्थानांत होतीं, आणि निजामाच्या रेल्वे खात्यानें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं मोटारवाहतूक सुरू केली. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें तेव्हां हिंदुस्थानांत पुष्कळ मोटारी कोळशाच्या वायूवर चालविल्या गेल्या. पाठीशीं शेगडी बांधलेल्या त्या मोटारींच्या गोष्टी आमच्या घरांतील वृद्ध मंडळी सांगत असत. इंधन बदललें तरी ठिणगी तीच लागे. त्या आधीं, १९०२ सालीं जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला जोडलेला प्लग सिद्ध केला होता. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं १९१० च्या सुमारास बॅटरी व कॉईल यांची पद्धत रूढ केली. आपल्याकडे बंगळुरास १९५१ सालीं 'मायको' हा कारखाना निघाला, आणि पुढें पुष्कळ वर्षें मिस्त्रीलोकांच्या तोंडीं प्लग म्हणजे मायको असें समीकरणच होऊन बसलें होतें. २००८ सालीं त्या कंपनीनें बॉश हें नांव घेतलें.

जुन्या फियाट किंवा अँबॅसडर गाडींत एकच कॉईल असे. तिची वीज 'डिस्ट्रिब्यूटर' नांवाच्या डबींतील फिरता हात पाळीपाळीनें चारी प्लगांस वांटून देई, आणि प्रवाह तोडण्याचें काम 'पॉइंट' नांवाच्या दोन लहानशा चकत्या करीत. त्या पॉलिश-कागदानें घासणें हा त्या काळच्या गृहस्थांचा रविवारचा उद्योग असे. आतांच्या बहुतेक गाड्यांत डबीही नाहीं व पॉइंटही नाहींत. प्रत्येक प्लगाच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉईल बसविलेली असते, आणि कोणी केव्हां प्रवाह तोडावा हें एक लहानसें गणकयंत्र ठरवितें. प्लग इंजिनाच्या माथ्यांत एका खोल विहिरींत बसलेला असतो. कॉईलची रबरी नळी त्या विहिरींत उतरून प्लगास घट्ट धरते. विहीर हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

नवाच्या सुमारास मामा मिस्त्रींना घेऊन आले. मिस्त्री पंचविशीचा तरुण. त्यानें खिशांतून पेटीवजा यंत्र काढून सुकाणूच्या खालच्या खांचेंत लाविलें. त्यावर 'पी ०३०२' असा आंकडा आला. शेवटचा दोन म्हणजे दुसरा सिलिंडर. तेथें ठिणगी चुकते, एवढें यंत्र सांगतें. ती कां चुकते, हें तें सांगत नाहीं. दोष कॉईलचा असेल, प्लगाचा असेल, पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचा असेल, किंवा इंजिनाच्या आंतलाही असेल. पुष्कळ ठिकाणीं येथेंच सर्व भाग बदलून मोठें बिल करण्यांत येतें.

या मुलानें तसें केलें नाहीं. इंजिन एव्हांना थंड झालें होतें. त्यानें दुसऱ्या सिलिंडरच्या कॉईलची तारेची जोडणी चिमटींत दाबून सोडविली, एक लहान बोल्ट काढला, आणि कॉईल थोडी पिळून वर ओढली. विहिरींत वाकून पाहिलें आणि तो म्हणाला, "पाणी गेलंय कीं ओ आंत. धुतली होती का?"

मामा आमच्याकडे पाहत नव्हते. रस्त्याकडे पाहत होते.

मिस्त्रीनें तारेस फडकें गुंडाळून विहीर कोरडी केली. नंतर दुसऱ्याची कॉईल तिसऱ्यास आणि तिसऱ्याची दुसऱ्यास अशी अदलाबदल करून, यंत्रांतील जुना आंकडा पुसून, इंजिन चालू केलें. तें पुन्हां थरथरलें. थोड्याच वेळांत आंकडा आला, 'पी ०३०३'. आतां तिसरा सिलिंडर चुकत होता. म्हणजे दोष सिलिंडरांत राहिला नाहीं, कॉईलबरोबर शेजारीं गेला. एक पैशाचा नवा भाग न लावतां, कोणावर विश्वास ठेवण्याचें कारण न ठेवतां, गुन्हेगार सांपडला. आम्हीं आयुष्यांत पुष्कळ वादविवाद ऐकले. इतका निर्विवाद पुरावा क्वचित् पाहिला.

कॉईलची रबरी नळी उजेडांत धरतांच तिच्या आंतील बाजूस केंसाइतकी बारीक काळी रेघ दिसली. दुसरा प्लग काढला, तर त्याच्या चिनीमातीवरही तशीच रेघ, वरून खालच्या कवचापर्यंत. वीज नेहमीं सोपी वाट धरते. सिलिंडरांत मिश्रण जितकें जास्त दाबलेलें, तितकी फटींतील उडी अवघड. सपाट रस्त्यावर पायाचा भार हलका असतो, दाब कमी असतो, ठिणगी कशीबशी पडते. चढावर पाय दाबला कीं आंतला दाब वाढतो, आणि वीज फटींतून न जातां बाहेरच्या ओल्या पृष्ठभागावरून खालीं घसरते. एकदां तशी गेली कीं रबरावर व मातीवर जळून कोळशाची वाट तयार होते, आणि मग पाणी वाळलें तरी ती वाट राहते. म्हणूनच लोह्यापर्यंत बरें होतें व चढावर बिघडलें. पेट्रोलाचा यांत कांहीं संबंध नव्हता.

आणि दिवा लुकलुकतांच मामांनीं गाडी कां थांबविली, तेंही मिस्त्रीनें सांगितलें. जें पेट्रोल सिलिंडरांत जळत नाहीं तें तसेंच धुराच्या नळींत जातें. तेथें धूर शुद्ध करणारा, मधमाशांच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांचा चिनीमातीचा भाग असतो. न जळलेलें पेट्रोल त्यांत जाऊन पेटतें, व उष्णतेनें तो वितळूं लागतो. त्याची किंमत कित्येक कॉईलींच्या बरोबरीची असते. नानांच्या सांगण्याप्रमाणें लातुरापर्यंत तसेच गेलों असतों, तर दहाचा मुहूर्त कदाचित् सांपडला असता.

नांदेडाहून पुतण्यानें दुकान उघडतांच कॉईल व प्लग घेऊन मोटारसायकलीवर यावें, असें ठरलें. आम्हीं त्यास दोन गोष्टी बजाविल्या. गाडीच्या पुस्तकांत लिहिलेल्या क्रमांकाचाच प्लग घ्यावा, आणि पावती घ्यावी. कारण नामांकित कारखान्यांच्या नांवाचे बनावट प्लग बाजारांत पुष्कळ आहेत, व वेष्टनावरून ते ओळखूं येत नाहींत. तो बाराच्या आधीं आला. बसविण्यास अर्धा तासही लागला नाहीं. लातुरास पोहोंचलों तेव्हां पंगती उठून गेल्या होत्या. आत्याबाईंनीं झांकून ठेवलेलें पान वाढलें, आणि मामांचें पान आमच्या शेजारींच मांडलें.

नानांनीं तेथेंच सारी हकीकत विचारली. त्यांनीं ती उलटतपासणीसारखीच घेतली. "दुसऱ्याची कॉईल तिसऱ्यास लाविली?" होय. "दुसरें कांहीं बदललें नाहीं?" नाहीं. "आणि दोष तिसऱ्यास गेला?" गेला. "पाणी कोणीं मारविलें?" आम्हीं सांगितलें, आम्हीं, आणि मामांनीं नको म्हटलें होतें, हेंही सांगितलें. नाना पुष्कळ वेळ गंजगोलाईच्या दिशेनें येणारा वाहनांचा आवाज ऐकत बसले. मग म्हणाले, "हें तुला दसऱ्याच्या दिवशीं सांगतां आलें असतें." तें खरें होतें.

चारांपैकीं एक प्लग नवा व तीन जुने, हें बरें नव्हे. त्यांचीं किलोमीटरेंही भरत आलीं होतीं. साध्या निकेलच्या प्लगाचें आयुष्य बहुधा वीसतीस हजार किलोमीटरांचें असतें. इरिडियमच्या टोंकाचा प्लग लाखाच्या आसपास चालतो. म्हणून पुढल्या रविवारीं राहिलेले तीन अंगणांतच बदलावयाचें ठरलें. काम पुतणीनें केलें, दिवा वहिनींनीं धरला, आणि मामा खुर्चीवर बसून देखरेख करीत होते. त्या कामांत जें शिकलों तें लिहून ठेवतों.

इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय प्लगास हात लावूं नये. हल्लींच्या इंजिनांचा माथा ॲल्युमिनियमचा असतो, आणि तापलेल्या ॲल्युमिनियममधून प्लग काढतांना आंटे ओरबाडले जातात. किल्ली काढून घ्यावी, बॅटरीची ऋण तार सोडवावी. एका वेळीं एकाच सिलिंडरचें काम करावें, म्हणजे जोडण्यांची अदलाबदल होत नाहीं. कॉईल वर काढल्यावर, प्लग सैल करण्यापूर्वीं, विहिरींतील धूळ फुंकून किंवा पुसून काढावी. कारण प्लग निघाला कीं ती विहीर सरळ सिलिंडरांत उघडते, आणि तेथें पडलेला वाळूचा कण इंजिनाच्या भिंती चरत राहतो. आंत रबर असलेला लांब सॉकेट-पाना मिळतो. तो प्लग धरून वर आणतो.

निघालेला प्लग फेंकण्यापूर्वीं त्याचें टोंक पाहावें. वैद्य जीभ पाहतो तसें हें आहे. फिकट तपकिरी किंवा करडा रंग असेल तर प्रकृति उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. तेलकट काळें असेल तर इंजिनाचें तेल आंत शिरत आहे. पांढरेंफटक व फोड आलेलें असेल तर तो प्लग फार तापला आहे. आमचे तिन्ही तपकिरी निघाले, आणि वहिनींनीं ते एका वाटींत ठेवून मुलांस दाखविले.

नवा प्लग बसवितांना पहिले चार फेरे पाना न लावतां, नुसत्या बोटांनीं द्यावे. तो वांकडा धरला गेला तर आंटे कापत जातो, आणि मग साऱ्या माथ्याचें काम निघतें. पुतणीनें प्लगाच्या टोंकास रबरी नळीचा एक तुकडा लावून तो तसा फिरविला. आंटे चुकले तर नळी नुसती घसरते, जोर लागत नाहीं. हातानें टेंकला कीं मग पाना. जोर मोजणारा पाना असेल तर गाडीच्या पुस्तकांतला आंकडा पाळावा. नसेल तर वॉशर असलेला नवा प्लग टेंकल्यानंतर अर्धा ते दोनतृतीयांश फेरा पुरे होतो. वॉशर नसलेल्या, उतरत्या बैठकीच्या प्लगास जेमतेम एकसोळांश. आम्हांस कोणताही पाना हातीं आला कीं अंगांत बळ येतें. दुसऱ्या प्लगाच्या वेळीं आम्हीं पुढें झालों, तेव्हां मामा खुर्चीवरूनच म्हणाले, "साहेब, ती करील." आम्ही मागें झालों. या वेळीं ऐकलें.

कॉईलच्या रबरी नळींत विजेस अटकाव करणारें ग्रीस बोटभर लावून ती खालीं दाबावी. ती बसल्याचा हातास स्पष्ट प्रत्यय येतो. बोल्ट हलकाच आंवळावा. जोडणी टक् आवाज करी तोंवर दाबावी. आणि इंजिन धुवूं नये. ओल्या फडक्यानें पुसावें. फारच मळलें असेल तर माहितगाराकडून, कॉईली झांकून. हळदकुंकवास एवढी स्वच्छता पुरते, असें वहिनींचें मत आहे, आणि पूजा त्याच करतात.

शेवटचा प्लग बसत असतांना नाना ओसरीवरून खालीं आले. हातांत पाकीट होतें. त्यांनीं तें मामांच्या पुढें धरलें व म्हणाले, "मी पुराव्यावांचून निकाल दिला होता. हे दसऱ्याचे आहेत." मामांनीं पाकीट घेतलें, उघडलें, नोटा मोजल्या, आणि सदऱ्याच्या खिशांत ठेवल्या. मग म्हणाले, "नानासाहेब, लातूरच्या दिवसाचा भत्ता राहिलाय."

नाना आंत गेले व भत्ता घेऊन आले. तोंवर पुतणीनें चौथी कॉईल बसवून बॅटरीची तार लाविली होती. तिनें किल्ली मामांच्या हातांत दिली.